सात नंबरचं कपाट

हर्णै,
गोपाळकाला

प्रिय वशा,

सात महिने झाले. तू तीनदा फोन केलास, मी एकदा उचलला आणि "आवाज तुटतोय" म्हणून ठेवून दिला. आवाज तुटत नव्हता. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढे वाच. शुगर आटोक्यात आहे, डाव्या डोळ्याचं दिवाळीनंतर करू म्हणतात. तब्येतीचं एवढंच.

लिहायला बसलो कारण वाचनालयाच्या परवाच्या मीटिंगमध्ये सात नंबरचं कपाट निघालं. नंदूच्या धाकटीने जूनपासून त्यातली एकोणीस पुस्तकं नेली, सगळी खुन्यांची. आबांनी देवघेवीचं रजिस्टर टेबलावर उघडलं आणि एकेका नोंदीवर बोट ठेवत वाचून दाखवलं. अकरावीतली पोर, हे वाचून डोकं फिरेल, कपाटाला कुलूप लावा म्हणाले. आता गंमत बघ. त्या एकोणीसपैकी सोळा पुस्तकांच्या कार्डावर तिच्या वरचं नाव माझं आहे. आबा तेही वाचत होते, फक्त मोठ्याने नाही. शेवटी "तुम्हीच ठरवा, तुम्हाला त्यातलं कळतं" म्हणून माझ्या गळ्यात घातलं. शनिवारपर्यंत सांगायचंय.

"तुम्हाला त्यातलं कळतं" हे ज्या सुरात म्हणाले तो सूर तुला ओळखू येईल. पुण्यात पेरूगेटच्या खोलीवर तुझी आई आली होती आणि माझ्या उशाशी खुनांच्या कात्रणांची वही बघितली होती, तेव्हाचा.

(आबा स्वतः रोज सकाळी आल्या आल्या निधनवार्तांचं पान उघडतात, मृताचं वय बघतात, आपल्यापेक्षा लहान निघाला तर चेहरा खुलतो. ते चालतं.)

सोपं तेवढं आधी उरकतो. आबांना कोणीतरी मोबाइलवर पाठवलंय की खुन्याची लक्षणं लहानपणीच दिसतात : अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, जनावरांना छळणं. ही तिकडी १९६३ ची. कोलोरॅडोतल्या जॉन मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने शंभर रुग्ण पाहून लिहिलेली. पण ते शंभर जण खुनी नव्हतेच, "मारून टाकीन" अशी धमकी दिलेले रुग्ण होते. पुढच्या लोकांनी तपासून पाहिलं तर ही तिकडी सांगितली जाते तशी टिकली नाही. जनावरांना वारंवार, मजा म्हणून छळणं ही मात्र एकट्यानेच गंभीर खूण आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. अंथरुणाचं राहू दे. आबांचा नातू आठव्या वर्षापर्यंत ओलं करत होता, आता बँकेत आहे आणि त्याच्या हातून खून होतो तो फक्त मराठीचा.

दुसरं, पोरीच का वाचतात. याचा शोध घेतलाय. अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांचा २०१० चा अभ्यास आहे. खऱ्या खुनांच्या पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा बायकांची ओढ जास्त दिसली, आणि पुस्तकात एखादी बाई कशी निसटली याची युक्ती आहे म्हटल्यावर ती ओढ आणखी वाढली. म्हणजे मारतात कसं यापेक्षा सुटतात कसं हे पाहायला त्या येतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. नंदूच्या पोरीने नेलेली पुस्तकं मी काढून पाहिली, तिने पेन्सिलीने बारीक खुणा केल्यात. (वाचनालयाच्या पुस्तकात खुणा, हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यावर मी बोलणार आहे.) खुणा कुठे आहेत बघ : त्याने काय थाप मारली, कुठे बोलावलं, घरी काय सांगू नको म्हणाला. सुऱ्यापाशी एकही नाही.

आणि वशा, या थापांचा अभ्यास करायला तिला लंडन-अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याच किनाऱ्याने खाली जा. गोव्यातला महानंद नाईक, शिरोड्याचा रिक्षावाला, २००९ साली धरला. (आपलं नव्हे, फोंडा तालुक्यातलं शिरोडा. आपलं वेंगुर्ल्याचं मिठाच्या सत्याग्रहाचं. हा घोळ गावातल्या चार शहाण्यांनी आधीच घातलाय, तू घालू नकोस.) त्याच्या खाली मंगळूरकडे मोहन कुमार, लोक "सायनाइड मोहन" म्हणतात तो, प्राथमिक शाळेतला मास्तर, २००३ ते २००९ मध्ये वीस बायका मारल्या. दोघांची तऱ्हा जवळजवळ एक. लग्न न जमलेली, गरीब घरातली, हुंडा न देऊ शकणारी मुलगी हेरायची, बिनहुंड्याचं लग्न करतो म्हणायचं, दागिने घालून यायला सांगायचं आणि घरी सांगायचं नाही. मोहन लांबच्या गावी लॉजवर न्यायचा, सकाळी दागिने खोलीवर ठेवायला लावायचा, आणि बसस्टँडवर गर्भ राहू नये म्हणून गोळी द्यायचा, संडासात जाऊन घे म्हणायचा. गोळी कशाची ते त्याच्या टोपणनावातच आहे. किती, ते मी लिहीत नाही.

आता यात कळीची जागा कुठली? गोळी नव्हे. कळीची जागा ही की प्रेतं वेगवेगळ्या गावांच्या बसस्टँडवर सापडली, प्रत्येक पोलीस ठाण्याने आपापली आकस्मिक मृत्यूची नोंद केली, आणि सहा वर्षं कोणी त्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. घरच्यांना वाटलं पोरगी पळून गेली. लाजेपायी कोणी तक्रारीला गेलं नाही, गेलं तर पाठपुरावा केला नाही. ज्या एका मुलीसाठी गाव पेटून उठलं तिच्या फोनचे रेकॉर्ड काढले आणि तिथून हा सापडला. घराण्याची अब्रू हे त्याचं खरं हत्यार. म्हणून मी मुलीला बोलावून सांगणार आहे ते एवढंच : कोणी हरवलं तर चोवीस तास थांबायचं असतं ही ऐकीव गोष्ट आहे, असा नियम नाही. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, छापलेलाच आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर अपहरणाचा गुन्हा धरून नोंद घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. एकोणीस पुस्तकं वाचून तिला हे माहीत नसेल तर दोष पुस्तकांचा.

मग वाईट कधी? यावर मी तीन रात्री विचार केलाय (तीनच, तू लगेच डॉक्टर काढू नकोस). पुस्तकांची संख्या मोजून काही कळत नाही. मी घरच्यांना विचारायला सांगेन ते असं. रात्री दाराची कडी ती एकदा बघते की पाच वेळा उठून बघते? क्लासला जायचं सोडलं का? जेवताना, मैत्रिणींत, दुसरं काही बोलते का? पुस्तक वाचून झाल्यावर कोणाबद्दल बोलते, मेलेल्यांबद्दल की मारणाऱ्याबद्दल? तो किती हुशार, किती देखणा, पोलिसांना कसा खेळवला, हे सुरू झालं की मी कान टवकारतो. अमेरिकेतला खुनी टेड बंडी, त्याच्या खटल्याला तरुण मुली नटून येऊन बसत, त्याला पत्रं लिहीत. त्याला १९८९ च्या जानेवारीत विजेच्या खुर्चीवर बसवला तरी त्याचा फोटो अजून खपतो. आणि पद्धतीचीच भूक लागली, दोरी कुठली, डोस किती, प्रेताचं काय केलं, आणि सोबत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची भाषा आली, तर मग वाचनालयाचा प्रश्न संपला. तिथे १४४१६ ला फोन लावायचा, टेलिमानस, मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर सरळ रत्नागिरीचं मनोरुग्णालय. त्या नावाला आपल्याकडे हसतात म्हणून माणसं जात नाहीत, ती वेगळीच बोंब.

झोपेचं स्वतंत्र सांगतो, कारण माझं मत तिथे बदललंय. मिशेल मॅकनामारा नावाची बाई होती कॅलिफोर्नियात. सत्तर-ऐंशीच्या दशकातला एक बलात्कारी खुनी शोधायचा तिने ध्यास घेतला होता, रात्र रात्र जागून कागद वाचायची. २०१६ च्या एप्रिलमध्ये झोपेतच गेली, शेहेचाळीसाव्या वर्षी. औषधांचं मिश्रण अंगात सापडलं, हृदयाचा दोषही होता. दोन वर्षांनी त्याच एप्रिल महिन्यात तो माणूस डीएनएच्या नातेवाईक-जुळणीवरून पकडला, बहात्तर वर्षांचा म्हातारा. तिला ते बघायला मिळालं नाही. वाचनाने तिला मारलं असं मी म्हणत नाही. पण रात्री दहानंतर हे वाचायचं नाही, झोपायच्या आधी तासभर दुसरं काहीतरी, अगदी पंचांगसुद्धा चालेल, आणि पुस्तक उशाशी ठेवायचं नाही, हा नियम मी त्या पोरीला घालणार आहे आणि स्वतःलाही.

यावरून तुला मे ७७ आठवला असेलच. तू माझी कात्रणांची वही बंबात घातलीस आणि त्या पाण्याने आंघोळ केलीस. "तुला झोप लागत नाही म्हणून जाळली" म्हणालास. एका खोलीत राहून आपण चार महिने बोललो नाही, दुधाचा हिशेब भिंतीवर लिहून ठेवायचो. तर मान्य करतो, झोपेबद्दल तुझं बरोबर होतं. वहीबद्दल अजिबात नव्हतं.

आणि तो दुसरा वादही मिटवून टाकू. तू म्हणायचास, जोशी-अभ्यंकर खुनांतला जक्कल आणि ती मंडळी सीरियल किलर नव्हेत, पैशासाठी मारणारे दरोडेखोर. २००५ साली एफबीआयने सॅन अँटोनियोला तज्ज्ञ बसवून व्याख्या केली : त्याच माणसाने किंवा माणसांनी, वेगवेगळ्या प्रसंगी, दोन किंवा अधिक खून. हेतूची अट नाही, पैसाही हेतूच. एकटाच हवा असंही नाही. म्हणजे तू हरलास. पन्नास वर्षं उशिरा का होईना, भजी तुझ्याकडे लागू.

भीतीचं बोलायचं राहिलं. हे वाचून माणसाला जग आहे त्याहून वाईट वाटायला लागतं, हे खरं. म्हणून मी कपाटावर एक कागद चिकटवणार आहे. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यातले ९,९६२ भांडणातून, ३,७६१ वैरातून. बांध, पैसा, पाणी, भाऊबंदकी. त्याच वर्षी रस्त्यावर मेले १,६८,४९१. तेव्हा अंधारातल्या अनोळखी माणसाला भ्यायच्या आधी खेडच्या घाटात ओव्हरटेक करणाऱ्याला भ्यावं. आमच्या वाडीत गेल्या पावसात खुनी आला नाही, फुरसं आलं, न्हाणीच्या पायरीवर. रात्री बॅटरी घेऊन जायचं, एवढंच त्यावरचं शहाणपण.

आता माझं म्हणणं जिथे आबांच्या जवळ जातं ते सांगतो. कपाटातली पाच पुस्तकं मी काढणार आहे. ती खुन्याच्या तोंडच्या कबुलीवर उभी आहेत, आणि कबुली हा या विषयातला सगळ्यात नासका माल. अमेरिकेतल्या हेन्री ली लुकासने शेकडो खून कबूल केले. पोलीस त्याला गावोगाव फिरवायचे, मिल्कशेक पाजायचे, आणि तो त्यांच्या फायली बंद करून द्यायचा. ज्या खुनासाठी फाशी झाली तो झाला तेव्हा हा दुसऱ्याच राज्यात असल्याचे पुरावे निघाले, १९९८ मध्ये फाशी रद्द करावी लागली. स्वीडनमध्ये एकाने तीसच्या वर खून कबूल केले, आठांत शिक्षा झाली, आणि २०१३ पर्यंत आठही रद्द. त्याला मनोरुग्णालयात औषधं मिळत होती आणि ऐकणारे मिळत होते. ऐकणारे म्हणजे कोण? आपणच की, वशा. पुढचा खून काय, पुढचा काय, करत पान उलटणारे.

आपल्याकडचं नोएडाजवळचं निठारीच घे. २००६ च्या डिसेंबरात सांगाडे सापडले तेव्हा टीव्हीवर आठवड्याभरात सगळं "सिद्ध" झालं होतं, त्यावर पुस्तकं आली, आमच्या कपाटात दोन आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने फाशीच्या खटल्यांतून घरमालक पंढेर आणि नोकर कोली, दोघांनाही सोडलं, तपासावर ताशेरे ओढून. म्हणजे मुलं मेली हे खरं आणि कोणी मारलं ते कायद्याने रिकामं. ती दोन पुस्तकं मी काढत नाही, पण आत पहिल्या पानावर निकालाची तारीख लिहून चिठ्ठी डकवणार. गावित बहिणींच्या पुस्तकातही तसंच : "फाशी होणार" असं शेवटचं वाक्य आहे, आणि १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबापायी ती जन्मठेप केली. शेवट छापून झाल्यावरही खटला चालू राहतो हे पोरीला कळलं तरी पुष्कळ झालं.

रमण राघवचं एक जाडजूड आहे, ते मात्र ठेवावं असं माझं मत. ६८ साली मुंबई कशी झोपत नव्हती ते त्यात आहे, पण पुढचा भागही आहे : डॉक्टरांचं मंडळ, बरा न होणारा स्किझोफ्रेनिया, १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप, येरवडा. बहुतेक लोक पहिला अर्धा वाचून परत करतात. पान १४० पासून पुढे कडा पांढऱ्याशुभ्र आहेत, बोटांचा डागच नाही. पुस्तक कुठवर वाचलं गेलंय हे कडेच्या मळावरून कळतं, ही आमच्या धंद्यातली खूण. नंदूच्या पोरीने पुढचाही वाचलाय, पेन्सिल आहे.

कुलपाबद्दल माझा आक्षेप तर निव्वळ व्यवहाराचा आहे. या पावसात दोन नंबरच्या कपाटातल्या कोशांच्या पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी धरली, कारण ते कोणी हलवत नाही. कोरड्या फडक्याने पुसून, पानं पंख्यासारखी उघडून, वाऱ्यात उभे ठेवले. उन्हात ठेवले असते तर पुठ्ठे वाकले असते आणि डिंक सुटला असता. डांबरगोळ्या कसरीला रोखतात, बुरशीला नाही, हे आबांना अजून पटत नाही. सात नंबर मात्र खडखडीत कोरडं! पुस्तकं बाहेरच असतात, वारा लागतो, हात लागतो. कुलूप घातलं तर दोन पावसाळ्यांत कोणाचंच डोकं फिरवण्याच्या लायकीचं राहणार नाही.

म्हणजे शनिवारी सांगायचं काय ते ठरलेलं आहे. मग तुला कशाला लिहितोय?

काल रात्री (दहाच्या आधी) मी स्वतःची परीक्षा घेतली. जोशी-अभ्यंकर. मारणारे चौघे, नावं आडनावांसकट धडाधड आली. माफीचा साक्षीदार आला. नायलॉनची दोरी आली. २७ नोव्हेंबर १९८३, येरवडा, फाशी, तेही आलं. मग मेलेल्यांची नावं घ्यायला लागलो. दहा माणसं. सात आली, त्यातली दोन आजोबा आणि नात अशी नात्याने आली, नावाने नाही. अभ्यंकरांकडच्या कामवाल्या बाई, त्याही त्या रात्री गेल्या. त्यांचं नाव काही केल्या येईना. कात्रणांतही "मोलकरीण" एवढंच असायचं बहुतेक ठिकाणी. पन्नास वर्षं मी ही केस पाठ म्हणतोय, आणि त्यानंतरच्या रात्री आपण दोघं खोलीत टेबल दाराला लावून बसलो होतो, बाहेर लक्ष्मी रोडवर चिटपाखरू नव्हतं. आपल्यासाठी नावाने कोण मेलं होतं?

मी शोधलं, सापडलं, वहीत लिहिलं. तू न शोधता आठवून बघ आणि येईल ते कळव. येत नसेल तर तसं लिही. नंदूच्या पोरीला मी हेच विचारणार आहे, प्रत्येक पुस्तक परत करताना : मेलेल्यांतलं एक नाव सांग, मग पुढचं ने. आबांना ही अट "कडक" वाटेल आणि ते खूश होतील.

तुझं रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं? भाडं वेळेवर देतोय ना बिल्डर? सुमीच्या व्हिसाचं कळलं, बरं झालं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा यायला हवं होतं, आलो नाही, त्यांना नमस्कार सांग आणि हे वाक्य वाचून दाखव. अण्णांच्या वर्षश्राद्धाला येईन म्हणतो.

भिकू सोमवारी मुंबईला येतोय, त्याच्याकडे आमसुलं आणि चार पापलेटं बर्फात देतो. वहिनींना म्हणावं पापलेटं त्याच दिवशी करा, याने वाटेत दोनदा डबा उघडलेला असणार. उत्तर फोनवर नको. लिही.

तुझा,
बाळ

ता. क. बंबात घालण्याआधी वहीतली काही पानं फाडून ठेवली असशील तर आता तरी कबूल कर. तुझ्या ट्रंकेत १ डिसेंबरनंतरची दोन कात्रणं मी ८१ साली बघितली होती.